ऑपरेशन फुकट, तरी लेकरू उशिरा का पोचतं?

बिंदुसरा
हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. हा आकडा परळचा असो की परळीचा, फारसा बदलत नाही. बदलतं ते त्यापुढचं सगळं.

महात्मा फुले योजनेत लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात पालघरहून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी असते. कागदावर ० ते १८ वयाचं एकही लेकरू सुटत नाही. तरी जिल्हा रुग्णालयातल्या टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) शिबिराच्या रांगेत चार, सात, अकरा वर्षांची मुलं उभी दिसतात. त्यांच्या हृदयातलं भोक पहिल्याच वर्षी बुजायला हवं होतं.

माझं मत असं, की आता ऑपरेशनचा खर्च हा पहिला अडथळा राहिलेला नाही. पहिला अडथळा तारखेचा आहे. मोठं व्हीएसडी असेल, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, तर ३ ते ६ महिन्यांच्या आत, फॅलोट असेल, म्हणजे मूल निळं पडतं तो चार दोषांचा एकत्र आजार, तर साधारण ६ ते १२ महिन्यांत, आणि टीजीए असेल, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. मराठवाड्यात ही तारीख नेमकी कुठे हुकते? ज्यांना आतून माहिती आहे त्यांनी लिहावं. ‘सरकार काही करत नाही’ एवढंच म्हणायचं असेल तर त्याचा धागा वेगळा आहे, तिथे गर्दी आहे.

नांदेडी_चहा
तिथूनच आलोय. इथे बसायला जागा आहे का?

रात्रपाळी
तारीख हुकते ती पहिल्या तीन दिवसांतच. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसाची वाहिनी आणि महाधमनी यांच्यामध्ये एक वाट असते, डक्टस. काही दोषांत बाळ जगतं ते या वाटेवरच. जन्मल्यावर ती काही तासांत आकसायला लागते आणि आठवड्याभरात बंद होते. म्हणजे बाळ वॉर्डात गुलाबी दिसतं, दूध पितं, सुट्टी होते, आणि चौथ्या-सहाव्या दिवशी घरी गार पडतं. घरचे म्हणतात बाळाला नजर लागली, तालुक्याचा डॉक्टर म्हणतो सेप्सिस, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग. दोघेही आपापल्या परीने उपचार करतात.

सरकारी दवाखान्यात बाळंतीण ४८ तास ठेवायची असा नियम आहे. प्रत्यक्षात घरी दुसरं लेकरू असतं, म्हातारी असते, जनावरं असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात येते. म्हणून जी तपासणी करायची ती २४ तास झाल्यावर लगेच उरकायची.

तपासणी अशी: पल्स ऑक्सिमीटरचा नवजात बाळाचा, चिकटपट्टीचा किंवा गुंडाळायचा प्रोब घ्या. उजव्या हाताचं रीडिंग, मग कोणत्याही एका पायाचं. उजवाच हात, कारण डाव्या हाताच्या रक्तात डक्टसमधून आलेलं रक्त मिसळलेलं असू शकतं आणि फरक लपतो. दोन्ही ठिकाणी ९५ किंवा वर आणि दोघांतला फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर पास. कुठेही ९० च्या खाली, तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. मधलं काही आलं तर तासाभराने पुन्हा. एका बाळाला पाच मिनिटं पुरतात.

तेरणाकाठ
रात्रपाळीताईंनी नेमकं लिहिलंय. चुका कुठे होतात ते जोडतो.

मोठ्या माणसाचा चिमटा बाळाच्या अंगठ्याला लावतात. तो नीट बसत नाही, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा काहीही येतो. डिसेंबरात पाय गार असतात, नाडी पकडत नाही, मग ‘मशीन खराब’ म्हणून ठेवून देतात. पाय दोन मिनिटं हातात धरून ऊब द्या. मशीनवरची नाडीची लाट एकसारखी दिसत नसेल तर खालचा आकडा लिहूच नका. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते: सावळ्या-काळ्या कातडीवर हे यंत्र खऱ्यापेक्षा जरा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं. आपल्याकडची बहुतेक बाळं त्यातच मोडतात. तेव्हा ९४-९५ वर घुटमळणाऱ्या बाळाला ‘जवळजवळ पास’ म्हणून सोडू नका.

पण या तपासणीने सगळं सापडतं असा समज नको. व्हीएसडी यात सापडतच नाही. पहिल्या दिवसांत फुप्फुसातला दाब जास्त असतो, भोकातून रक्त फारसं पलीकडे जात नाही, त्यामुळे स्टेथोस्कोपला भोकाचा आवाजही लागत नाही. दाब उतरतो दोन ते सहा आठवड्यांत, आणि खरी लक्षणं तेव्हा सुरू होतात. म्हणून दुसरी भेट सहाव्या आठवड्याला हवी. दीड महिन्याच्या लसीला बाळ येतंच. कपडे काढून एक पूर्ण मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त म्हणजे जलद. जांघेतली नाडी चाचपा. ती लागत नसेल किंवा हातापेक्षा क्षीण असेल तर महाधमनी आवळलेली असू शकते, हा दोष ऑक्सिमीटरमधूनही निसटतो. वजन बघा. आणि आईला एकच प्रश्न: पाजताना बाळाच्या कपाळाला घाम येतो का, मध्ये मध्ये दम खाऊन थांबतं का?

गटप्रवर्तक_ताई
डॉक्टर, लसीच्या सत्रात चाळीस लेकरं, एक एएनएम (नर्सबाई), एक काटा. कपडे काढून पूर्ण मिनिट मोजायला आमचीही ना नाही, पण मिनिट कुठून आणायचं ते सांगा.

आशाताईंच्या घरभेटी मात्र ठरलेल्या आहेत. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. तुम्ही म्हणताय तो सहावा आठवडा म्हणजे आमची शेवटचीच भेट. तिच्याकडे काटा आहे, थर्मामीटर आहे, श्वास मोजता येतो. घरी बाळ निवांत झोपलेलं असतं, मोजणीही तिथेच खरी होते. सत्रात रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजण्याला अर्थ नाही.

तेरणाकाठ
मान्य. घरीच मोजा.

फुकटचा_सल्ला
एवढं कशाला? आपल्याकडे मामाची पोरगी करायची पद्धत आहे, ती बंद करा. निम्मा प्रश्न जागेवर मिटेल.

नांदेडी_चहा
मामा नाराज झालेला आहे. आहेर परत मागतोय.

तेरणाकाठ
जवळच्या नात्यात लग्न झालं तर जन्मजात हृदयदोषाचा धोका वाढतो, हे खरं. पण असे बहुतेक दोष नात्यात लग्न न केलेल्यांच्याच घरी जन्मतात. ‘नात्यात केलंत ना, मग भोगा’ असं ओपीडीत तोंडावर बोललं की ते कुटुंब पुढच्या तारखेला येत नाही. एवढाच त्या वाक्याचा उपयोग.

टाळता येण्यासारख्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत आणि कामाच्या आहेत. गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड, आईच्या साखरेवर ताबा, फिटच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलून बदल, आणि रुबेला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला पीडीए (डक्टस उघडीच राहणं), मोतीबिंदू, बहिरेपण असं एकत्र येऊ शकतं. गोवर-रुबेलाची लस त्यासाठीच आहे.

उसाचा_फड
तुम्ही सगळे दवाखान्यातून बघायलात, मी फडातून सांगतो. अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा, कबूल. पण धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार ह्या पट्ट्यात दिवाळीच्या आगंमागं गाड्या भरल्या की गाव रिकामं. मार्च-एप्रिलपर्यंत लेकरू कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं नाहीतर बेळगावकडं कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. दुसऱ्या फेरीचं पथक येतं तेव्हा अंगणवाडीत राहिलेली लेकरं तपासतं आणि काम झालं असं लिहितं. गेलेल्या लेकराच्या नावापुढं ‘गैरहजर’.

समजा पहिल्या फेरीत सापडलं. इकोची तारीख मिळते जानेवारीची. जानेवारीत आई-बाप फडात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण दवाखान्यात बसला की कोयता मोडला. अर्ध्या कोयत्याला काम नाही, वर खाड्याचे पैसे उचलीतून कापतात. मुकादम काही धर्मादाय नाही.

लेकरू आजीपाशी ठेवून गेले तरी अडचणच. आजी लेकराला घेऊन जाते मुंबईला, तिथं संमतीवर सही आई नाहीतर बापाची पाहिजे. आजी परत.

ह्यावर तोड आहे. ह्या तालुक्यांत इकोची शिबिरं जून ते सप्टेंबरमध्येच घ्यायची. बाहेर जाणाऱ्या लेकराच्या कार्डावर कारखान्याचं नाव आणि तालुका लिहायचा, मुकादमाचा फोन नंबर लिहायचा. तिकडच्या पथकाला कळवायचं. फुले योजना राज्यात कुठल्याही जिल्ह्यातल्या यादीवरच्या दवाखान्यात चालते, बीडचं रेशनकार्ड आहे म्हणून बीडलाच यावं लागतं असं काही नाही. बेळगावकडं असतील तर मात्र आयुष्मान कार्ड निघालेलं पाहिजे, तेच राज्याबाहेर चालतं.

बिंदुसरा
हे फार महत्त्वाचं आहे दादा. पथकाचं वेळापत्रक जिल्ह्यात ठरतं, तेव्हा तालुक्याप्रमाणे फेऱ्या पुढेमागे करता येतात. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक एएनएम असतात. तेच चौघे शाळाही करतात आणि अंगणवाड्याही. स्थलांतराच्या तालुक्यांत अंगणवाड्यांच्या फेऱ्या गाव रिकामं व्हायच्या आधी उरकल्या तरी पुष्कळ.

कागदपत्रे_घेऊन_या
धागाकर्त्याच्या ‘खर्च हा अडथळा नाही’ या वाक्याला माझा विरोध आहे. ऑपरेशनचं पॅकेज फुकट आहे. ऑपरेशनपर्यंत पोचणं फुकट नाही.

आधी कागद, कारण बहुतेक फेऱ्या त्यातच वाया जातात. लागतं काय? रेशनकार्ड, आई-वडिलांचं ओळखपत्र, बाळाचा जन्मदाखला. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो. हा फोटो घरूनच न्या. मुंबईत पोचल्यावर फोटो स्टुडिओ शोधत फिरावं लागतं, आणि निळं बाळ खांद्यावर असतं. जन्मदाखल्यावर ‘बेबी ऑफ’ आहे आणि आधारवर नाव वेगळं, हा नेहमीचा घोळ. नाव लवकर ठेवा आणि दाखल्यावर चढवून घ्या, बारसं मागाहून थाटात करा. पांढरं रेशनकार्ड आहे म्हणून योजना नाही असं अजूनही गावात सांगतात. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी सातबारावर आधीपासून योजनेत होते, आणि आता तर सगळीच रेशनकार्डं चालतात. मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख.

दवाखान्यात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या माणसाची खिडकी, मग ओपीडी. उलटं केलं की ओपीडीत काढलेल्या तपासण्यांचे पैसे खिशातून जातात आणि परत मिळवताना नाकी नऊ येतात. बाळ अत्यवस्थ असेल तर मंजुरीच्या कागदासाठी थांबायचं नसतं. दवाखान्याने फोनवरून तातडीची सूचना द्यायची सोय योजनेत आहे. ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणाले तर तिथेच उभं राहून १५५३८८ वर फोन लावा. लावतोय असं नुसतं सांगितलं तरी कधी कधी काम होतं.

आता खर्च. बाळासोबत दोन माणसं, इको आणि तपासणीला एक फेरी, तारीख घ्यायला एक, भरतीला एक, टाके बघायला एक. नांदेडहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, पण तिथे पुन्हा कार्डाचा प्रश्न. योजनेतून सुट्टीनंतर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं मिळतं. ते मागावं लागतं, कोणी हातात आणून देत नाही. हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला ७५ टक्के सवलत आहे. त्याचा ठरलेला फॉर्म दवाखान्याच्या सही-शिक्क्याने भरून आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा. तत्काळला चालत नाही. एसटीत आईचं तिकीट अर्धं, पाच वर्षांखालचं लेकरू फुकट.

परळच्या दवाखान्यांत काम असेल तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. दवाखान्याच्या समाजसेवा विभागाचं पत्र घेऊनच जा. खारघर आणि नवा रायपूर इथली सत्य साई संजीवनी केंद्रं मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत करतात. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला लागतो, आणि तो दाखला मिळायला जे दिवस जातात तेच बाळाचे दिवस असतात. म्हणून इकोत दोष निघाला त्याच दिवशी दाखल्याचा अर्ज टाका. लागेल की नाही ते नंतर बघू.

नांदेडी_चहा
ह्या प्रतिसादाची झेरॉक्स कुठं मिळेल? प्रत्येकी दोन प्रती, स्वसाक्षांकित.

फार्मसीवाला
ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत लेकराला औषधावर तगवायचं असतं, त्यावर कुणी बोललं नाही. तिथे गोंधळ मोठा आहे.

फ्युरोसेमाइड म्हणजे लघवीवाटे अंगातलं जादा पाणी काढणारं औषध. ते पातळ स्वरूपात तालुक्यात सहसा मिळत नाही. डॉक्टर शहरात लिहून देतात, इथे दुकानदार ४० मिलिग्रॅमची गोळी देतो. चार किलोच्या बाळाला एका वेळी साधारण ४ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे गोळीचा दहावा भाग. घरचे सांगतात, ‘गोळी दहा मिली पाण्यात विरघळवून एक मिली देतो’. ही गोळी पाण्यात नीट विरघळत नाही. भुकटी तळाशी बसते. वरचं पाणी घेतलं तर बाळाला औषध जवळजवळ मिळतच नाही, आणि वाटी संपत आली की तळाचा गाळ एकदम जातो. आज लघवीच नाही, उद्या बाळ सुकलेलं. गोळीच वापरायची झाली तर दर वेळी नवी कुटायची, मोजून १० मिली पाण्यात टाकायची, जोरात ढवळायची, ढवळताढवळता सिरिंजने १ मिली ओढायचं आणि उरलेलं फेकायचं. साठवायचं नाही.

पातळ औषध मिळालंच तर ते बहुधा मिलीत १० मिलिग्रॅमचं असतं. म्हणजे त्याच बाळाला ०.४ मिली. चिठ्ठीवरचा तो टिंब पुसट असला की ४ मिली होतात, दहापट. चमचा नको, १ मिलीची सिरिंज घ्या, आणि डॉक्टरांना सांगा की सिरिंजवर पेनने रेघ मारून द्या. अक्षर वाचता न येणाऱ्या आजीलाही रेघ कळते. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर हे दुप्पट जपा. त्यात योग्य डोस आणि विषारी डोस यांच्यात अंतर फार थोडं असतं. एक डोस चुकला किंवा उलटी झाली तर भरपाई म्हणून पुन्हा द्यायचा नाही.

मांजरा
निळ्या मुलांचंही लिहा कुणीतरी. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे ४२ अंश.

तेरणाकाठ
लिहितो. फॅलोटच्या मुलाचं रक्त मुळात दाट असतं. उन्हाळ्यात किंवा हगवणीत पाणी कमी झालं की ते आणखी दाटतं आणि मेंदूत गुठळी होऊ शकते. अशा मुलाला जुलाब सुरू झाले की ओआरएस पहिल्या जुलाबापासून, वाट न बघता. पितच नसेल तर त्याच दिवशी सलाइन.

दुसरं, हिमोग्लोबिन. प्राथमिक आरोग्य केंद्रात १२-१३ आलं की ‘छान’ म्हणतात. ऑक्सिजन ७५ असलेल्या मुलाला १२ म्हणजे रक्त कमीच आहे, त्याला १६-१७ लागतं. लोह कमी असेल तर निळे झटके वाढतात.

झटका आला, म्हणजे मूल रडता रडता गडद निळं पडलं, श्वास जोरजोरात घ्यायला लागलं, तर त्याचे गुडघे छातीशी दाबून धरा, कुशीवर किंवा खांद्याशी, आणि शांत करा. झोळीत घालून हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. थांबत नसेल, मूल मलूल झालं, तर १०८. मोठी मुलं खेळता खेळता आपणहून उकिडवी बसतात, तेही याचंच लक्षण. शाळेत मास्तर ‘आळशी आहे’ म्हणतात.

फुकटचा_सल्ला
पण भोक आपोआप बुजतं असं बरेच डॉक्टर सांगतात की. मग एवढी धावपळ कशाला?

तेरणाकाठ
लहान भोकं बुजतात, विशेषतः स्नायूच्या भागातली. म्हणूनच हे वाक्य घातक आहे, ते अर्धं खरं आहे. मोठं भोक बुजायची वाट बघताना काय होतं ते सांगतो. पहिलं वर्षभर मूल सारखं न्यूमोनियाने भरती, गावात म्हणतात डबा झालाय, कुठे कुठे चटकेही देतात. मग दीड-दोन वर्षांचं झालं की ते ‘सुधारतं’. न्यूमोनिया थांबतो, घाम थांबतो, अंग धरतं. आई-बाप म्हणतात भोक भरलं, आणि तारीख सोडून देतात. प्रत्यक्षात जादा रक्ताचा मारा सोसून फुप्फुसाच्या वाहिन्या जाड झालेल्या असतात, त्यांचा दाब इतका चढतो की तिकडे रक्त जाणंच कमी होतं. पुढे प्रवाह उलटा फिरतो आणि मूल निळं पडायला लागतं. त्यानंतर भोक बंद करता येत नाही, केलं तर जीव जातो. शिबिरातल्या अकरा वर्षांच्या मुलाला ‘आता ऑपरेशन नाही’ असं सांगतात ते यामुळे. योजनेचे पाच लाख तसेच पडून राहतात.

इकोच्या रिपोर्टवर म्हणूनच नुसतं ‘व्हीएसडी’ लिहून चालत नाही. भोकाचा आकार आणि जागा, रक्त कोणत्या दिशेने जातंय, फुप्फुसाचा दाब, सोबत चारही हातापायांचा बीपी आणि ऑक्सिजन. बाळासाठी बारीक, जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो. मोठ्यांच्या प्रोबने काढलेल्या बाळाच्या इकोवर ‘नॉर्मल’ लिहिलं असेल आणि बाळ दमतच असेल, तर रिपोर्टवर विश्वास ठेवू नका, बाळावर ठेवा.

गटप्रवर्तक_ताई
मुलींचं राहिलं. पथकाच्या यादीत मुलं-मुली जवळजवळ सारखी निघतात, ऑपरेशनच्या यादीत मुली कमी होतात. कुणी तोंडाने नाही म्हणत नाही. ‘पुढच्या वर्षी बघू’, ‘छातीवर व्रण राहील, लग्नाचं काय’. यावर भाषण देऊन उपयोग नाही. काही एएसडी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधली भोकं) आणि पीडीए मांडीच्या नसेतून, छाती न उघडता, डिव्हाइसने बंद करता येतात आणि व्रण राहत नाही, एवढं सांगितलं की घरातली बाई स्वतः तारीख विचारते. पण हे सांगायला आधी माहीत पाहिजे. म्हणून आशांच्या बैठकीत हा एक मुद्दा घ्या.

दातकोरणी
छोटा मुद्दा, पण सांगायलाच हवा. निळ्या मुलांचे, कृत्रिम झडपवाल्यांचे आणि डिव्हाइस बसवून सहा महिने न झालेल्यांचे दात काढण्याआधी, हृदयात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, अमॉक्सिसिलीन, किलोला ५० मिलिग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, एकच डोस. किडलेले दात ऑपरेशनच्या आधीच दाखवा. भरतीच्या दिवशी किड दिसली की ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि कोयत्याचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

रात्रपाळी
टीजीएसारख्या बाळांच्या प्रवासावर दोन ओळी. प्रोस्टाग्लँडिन ई-वन हे औषध डक्टस उघडी ठेवतं. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ५०० मायक्रोग्रॅमची कुपी ५० मिलीत मिसळली तर मिलीत १० मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला मिनिटाला किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम या दराने तासाला ०.९ मिली जातं, म्हणजे एका कुपीत मुंबई गाठून होते. डोस अर्थात डॉक्टर ठरवतील. अडचण औषधापेक्षा सोबतीची आहे: याने बाळ श्वास घ्यायचं विसरतं. म्हणून बॅग-मास्क हातात घेतलेला माणूस बाळाशेजारी हवा, ड्रायव्हरशेजारी नको. सिरिंज पंपाची बॅटरी निघण्याआधी तपासा. एक जादा सलाइनची नस घेऊन ठेवा, कारण रस्त्यात पहिली निघाली तर औषध थांबतं आणि अर्ध्या तासात बाळ पुन्हा काळवंडतं. रक्तातला ऑक्सिजन ७५ ते ८५ असला तरी चालतो, शंभर करायच्या नादात नळीतून पूर्ण जोराने ऑक्सिजन सोडू नका. निघण्याआधी पलीकडच्या दवाखान्यात खाट आहे का हे फोनवर विचारून, विचारणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचं नाव रेफर चिठ्ठीवर लिहा.

मांजरा
गरोदरपणातच कळलं तर बाईलाच मुंबई-पुण्याला बाळंतपणाला नेता येईल ना? बाळाला ॲम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा पोटातून नेणं बरं.

तेरणाकाठ
अगदी बरं. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या दोन्ही वाहिन्या बघितल्या तर टीजीए पोटातच सापडतो. आपल्याकडे बाई पहिली सोनोग्राफी सातव्या महिन्यात करते, ‘बाळ ठीक आहे, पाणी ठीक आहे’. रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतो आणि त्याच्यापुढे पन्नास बायका असतात, वाहिन्या बघायला सवड नसते. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘चार कप्पे व दोन्ही वाहिन्या पाहाव्यात’ असं लिहूनच पाठवा. लिहिलेलं असलं की निदान बघितलं जातं.

बिंदुसरा
आता मूळ प्रश्नावर येऊ. सगळं एकदम होणार नाही. उद्यापासून एकच जागा दुरुस्त करायची तर कोणती?

रात्रपाळी
सुट्टीआधी हात-पायाचं ऑक्सिजन. माता-बाल संरक्षण कार्डावर दोन्ही आकडे आणि वेळ लिहायची, म्हणजे पुढे कुठल्याही दवाखान्यात ते दिसतं.

कागदपत्रे_घेऊन_या
मी म्हणेन, इकोत सापडलेल्या मुलांची यादी आणि त्या यादीमागे एक माणूस. शिबिरात सापडतं आणि घरी जाऊन हरवतं, हे सगळ्यात जास्त. जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दर सोमवारी त्या यादीतल्या घरांना फोन झाला पाहिजे: कागद झाले का, तारीख मिळाली का, कुठे अडलं.

उसाचा_फड
फोन सोमवारी सकाळी सातच्या आत करा. नंतर सगळे फडात, फोन कोपीत.

गटप्रवर्तक_ताई
दोन्ही करा, पण आशाला नवं रजिस्टर देऊ नका. आहे त्या ४२ व्या दिवसाच्या भेटीतच श्वासाचा आकडा आणि घामाचा प्रश्न घाला.

बिंदुसरा
ऑक्सिमीटर बऱ्याच ठिकाणी कोविडच्या काळात आलेले आहेत. पण ते चिमट्याचे, मोठ्यांचे. नवजात प्रोब लागणारं हातातलं यंत्र मागवावं लागेल.

नांदेडी_चहा
यंत्र येईल. प्रोबची वायर तुटली की पुढं दोन वर्षं कपाटात. वायर कोण आणणार ते आत्ताच ठरवा.

रात्रपाळी
रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून आणता येते. यंत्रासोबतच दोन जादा प्रोब मागा, आणि गुंडाळायचा, पुसून पुन्हा वापरता येणारा मागा. चिकटपट्टीचा एकदाच वापरायचा असतो, आपल्याकडे तो पंधरा बाळांना वापरून मग ‘रीडिंग येत नाही’ म्हणतात. आणि प्रोब यंत्राच्याच कंपनीचा आहे का बघा, दुसऱ्याची पिन बसत नाही.